फक्त दोन तास

रविवारी सकाळी जादा तास, सराव परीक्षा, शिबिरं आणि पालकसभा ठेवणाऱ्या सर्व क्लासचालकांना आणि शाळांना, तसंच रविवारी 'जरा एक मेल बघून घेता का' म्हणणाऱ्या साहेबलोकांना,

स. न. वि. वि.

पत्राला निमित्त साधंच आहे. गेल्या गुरुवारी रात्री साडेदहाला मी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी फरसबी मोडत बसले होते. तेवढ्यात मोठीच्या क्लासच्या ग्रुपवर निरोप आला. 'प्रिय पालक, येत्या रविवारी सकाळी 9 ते 11 सराव परीक्षा घेण्यात येईल. फक्त दोन तास. उपस्थिती अनिवार्य.' खाली बघता बघता अठरा अंगठे उमटले. त्यातला एक माझा. अंगठा हल्ली आपोआप उठतो, मला विचारत नाही.

मोठी शेजारीच पेन्सिलीला टोक काढत होती. सहावीत आहे ती. तिने माझ्या फोनमध्ये डोकावून वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे राणीबाग परत नाही." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. रडली असती तर मी समजूत तरी काढली असती. तिने टोक बोटाला लावून बघितलं, पेन्सिल कंपासात ठेवली आणि झोपायला गेली. धाकटा दुसरीत आहे, त्याला अजून राग येतो. सकाळी कळल्यावर त्याने एक बूट दाराकडे भिरकावला. खोटं कशाला बोलू, मला त्याचं बरं वाटलं.

राणीबाग म्हणजे भायखळ्याचं प्राणीसंग्रहालय. तिथे जायचा बेत रद्द व्हायची ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी ऑलिम्पियाडची तयारी होती. दुसऱ्या वेळी शाळेची पालकसभा, 'नोकरदार पालकांच्या सोयीसाठी' रविवारी ठेवलेली. आमची सोय बघणाऱ्यांनी आधी आम्हाला विचारलं असतं तर आम्ही शनिवारी संध्याकाळी उभ्या उभ्या आलो असतो.

आता हे 'फक्त दोन तास' म्हणजे काय, ते एकदा आमच्या बाजूने मोजते. नऊचा पेपर म्हणजे पावणेनऊला तिथे. म्हणजे सातला उठवणं, आंघोळ, नाश्ता, आणि 'रोज उठतेच, आज तरी' यावर दहा मिनिटं. तिला सोडून घरी यायचं आणि लगेच परत आणायला निघायचं यात अर्थ नसतो, म्हणून क्लासच्या खाली स्कूटरला टेकून आम्ही आठ-दहा आयाबाप उभे. अकराचे सव्वाअकरा होतात. पोरगी बाहेर येते ती 'तेवीस नंबरचं उत्तर काय आलं' हे मैत्रिणींना विचारत. घरी साडेअकरा. डोंबिवलीहून मुंबईकडे जायचं तर तोवर मेगाब्लॉक लागलेला असतो आणि ऊन डोक्यावर येतं. मासळीबाजारात उरलेसुरले वाटे. सलूनमध्ये सहा नंबर पुढे. तुम्ही दोन तास घेतले, आमच्या हातात दिवस उरला नाही. दुधात लिंबाचे दोनच थेंब पिळले तर पातेल्यातलं बाकीचं दूध तसंच राहतं, असं आमच्या स्वयंपाकघरात तरी होत नाही.

तुमच्या वेळापत्रकात रविवारचा रकाना कोरा दिसतो, म्हणून तुम्हाला तो भरावासा वाटतो. तो आमच्याकडे काय असतो ते सांगते.

आमचा रविवार शनिवारी रात्रीच सुरू होतो, गजर बंद करण्यापासून. गजर न लावता झोपणं हे सुख लिहून सांगण्यासारखं नाही, ते झोपूनच कळतं. सकाळी साडेसातला मी उठते ती कुणी उठवलं म्हणून नाही, दूध आलेलं असतं म्हणून. पुरवणीवरून बापलेकीत ओढाओढ होते. शब्दकोडं आधी कुणी भरायचं हा आमच्या घरातला जुना दिवाणी दावा आहे. मग नवरा आणि धाकटा पिशवी घेऊन बाजारात जातात. खरेदी हे निमित्त. धाकट्याला खेकडे बघायचे असतात. आमची नेहमीची कोळीण त्याला खेकडा धरायला शिकवते, "मागून धर, नांगीला हात नको लावू." सुरमईचा भाव विचारायचा, मान डोलवायची आणि मांदेलीचा वाटा घ्यायचा, हा नवऱ्याचा ठरलेला क्रम. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाही हे दोघे जातात. सुकट घेऊन येतात आणि येताना कोथिंबीर विसरतात.

महिन्यातून एका रविवारी सलून असतं. लहान पोरांचे केस कापताना खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतात, तुम्हीही कधीतरी तिच्यावर बसला असाल. यंदा मार्चमध्ये सलूनवाल्या काकांनी धाकट्याला बघितलं, फळी हातात घेतली, परत बघितलं आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली. "बस खाली. मोठा झालास." नवऱ्याने फोटो पाठवला. मोठ्यांच्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, चेहरा न्यायाधीशासारखा. माझ्या हाताला आलं-लसणाचं वाटण लागलेलं होतं, तशाच हाताने मी तो फोटो मोठा करून बघितला. फोनची काच अजून वास मारते. पोराची प्रगतीपुस्तकं मी जपून ठेवते, पण त्याची वाढ मला कुठे दिसली असं विचाराल तर मी त्या फळीकडे बोट दाखवीन.

दुपारी कोलंबीचं कालवण किंवा मांदेली तळलेली, तांदळाची भाकरी, सोलकढी. नारळ खवायला मोठी बसते, आणि खवलेल्यातलं निम्मं खाते. जेवण झालं की घर आडवं होतं. आतल्या खोलीत एकच पंखा धड चालतो, त्यामुळे चौघंही त्याच्या खाली एकाच सतरंजीवर. कुणी कुणाशी बोलायचं असं ठरलेलं नसतं. छताकडे बघत पडायचं.

मला जे सांगायचं आहे ते या सतरंजीवरचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही असेच पडलो होतो. धाकटा झोपला होता, नवरा घोरायच्या बेतात. मोठी पंख्याकडे बघत सहज म्हणाली, "आई, ती आता माझ्याशी बोलत नाही." 'ती' म्हणजे बालवाडीपासूनची मैत्रीण. मी काही बोलले नाही. पाच मिनिटांनी पुढचं वाक्य आलं. मग आणखी एक. पाऊण तासात सगळं बाहेर आलं. डब्याच्या सुट्टीत एकटीने खाणं, बाकावरची जागा बदलणं, वाढदिवसाला न बोलावणं. हे दोन महिने चालू होतं. त्या दोन महिन्यांत मी रोज संध्याकाळी सात वाजता, कणीक मळता मळता, तिला विचारत होते, "शाळेत काय झालं आज?" आणि रोज उत्तर मिळत होतं, "काही नाही." ती खोटं बोलत नव्हती. सात वाजता पुढ्यात गृहपाठ असतो, साडेसातला क्लास असतो, त्या फटीत एवढी मोठी गोष्ट मावत नाही. ती बाहेर यायला पुढे काहीच नसलेली दुपार लागते. ती दुपार मी ठरवून बुधवारी आणू शकत नाही. मी ठाण्याला एका कार्यालयात हिशेब बघते, घरी पोचायला पावणेसात होतात.

तेव्हा कृपा करून आमच्या रविवारला 'मोकळा वेळ' म्हणू नका. त्या दुपारी आमच्या घरातलं वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं, तेही आडवं पडून.

आता राणीबागेचं. धाकट्याने तिचा एवढा ध्यास का घेतलाय, तर दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही गेलो होतो. माझे बाबाही होते. सकाळी साडेआठची गाडी, खिडकी मिळालेली. धाकटा स्टेशनं मोठ्याने म्हणत होता, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. माझ्या लहानपणी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची आणि अंधार झाला की अख्ख्या डब्यातली पोरं ओरडायची. ते आठवून बाबा मुंब्र्याच्या आसपास उगाच हळू आवाजात 'ओऽऽ' करून ओरडले. समोरच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली.

भायखळ्याला उतरून चालत बागेत. आईबाप आणि दोन पोरं मिळून तेव्हा शंभर रुपये तिकीट होतं. एवढ्याशा पैशांत पाच माणसांचा दिवस मुंबईत अजून कुठे मिळत असेल तर मला कळवा. लोक येतात ते पेंग्विनसाठी. 2016 मध्ये ते सोलहून आणले, 2017 मध्ये लोकांना बघायला खुले झाले, तेव्हापासून ती रांग काही हटलेली नाही. काचेला नाक लावलेली पोरं, मागून 'पुढे चला, पुढे चला' करणारा रखवालदार. धाकटा म्हणाला, "हे शाळेतल्यासारखेच रांगेत उभे राहतात." पण आमचा वेळ गेला तो त्या दगडी हत्तीपाशी. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी तो उभा आहे, पोरं त्याच्यासमोरून वेफर खात निघून जातात. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीबागेत आले, आणि पुढे 1914 मध्ये जोडून हत्ती परत उभा केला. बाबांनी हे सगळं सांगितल्यावर मोठीने त्याच्या अंगावरचे सांधे शोधले आणि म्हणाली, "म्हणजे तुटला म्हणून राहिला."

पुढे काळा घोडाही आहे. ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या जागेला नाव पडलं तो खरा घोडा, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला, 1965 मध्ये इथे आणून ठेवला. घोडा भायखळ्याला आणि नाव फोर्टात, याच्यावर धाकटा दिवसभर हसत होता. गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्ही पाचांनी हात धरून वेढा घालायचा प्रयत्न केला, तो पुरला नाही. पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी खाल्ली. एक पुरी कावळ्याने नेली. शंभर गुण मिळाले तरी एवढा आनंद होत नसेल, असा आनंद त्या कावळ्याने धाकट्याला दिला.

परतताना, चिंचपोकळी-करी रोडच्या मध्ये कुठेतरी, बाबा खिडकीतून बाहेर बघत गप्प झाले. तिथे आता काचेचे मनोरे आहेत. माझे आजोबा लालबागला राहायचे आणि तिथल्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. रविवारी भोंगा नसायचा, पण आजोबांना भोंग्याच्या वेळी जाग यायचीच. मग ते उठून बसायचे, खिडकीतून रस्ता बघायचे आणि मुद्दाम परत झोपायचे. परत झोपण्यातली ऐट बाबा अजून करून दाखवतात. दहा वाजता स्वच्छ लेंगा, सदरा, डोक्याला खोबरेल, आणि बाबांचं बोट धरून चालत राणीबाग. ट्रामचे पैसे वाचवून चणे. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आजोबा होते. ते परत आत गेलेच नाहीत. बाबा सांगतात, त्यानंतर आजोबांचे सगळेच वार रविवार झाले आणि रविवारात काही राम उरला नाही. सहा दिवस घाम गाळल्यावर आलेला एक दिवस आणि न मागता अंगावर पडलेले सात दिवस यातला फरक आमच्या घराने बघितलेला आहे. तेव्हा ही बाई आळसाची तरफदारी करते आहे, असं कृपया समजू नका.

आणि हा रविवार आजोबांना तरी कुठून मिळाला? नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे. तुमच्यापैकी काहींच्या क्लासात स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी असतात, त्यांच्या नोट्समध्ये हे नाव दोन ओळींत असेल. 1848 साली ठाण्यात जन्मलेला माणूस. जोतीराव फुल्यांचा सहकारी, 'दीनबंधू' या वर्तमानपत्राचा संपादक, गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेला. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्य मावळेपर्यंतच. म्हणजे सूर्य मावळल्यावर तरी घरी सोडा, हे मागावं लागत होतं. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार. सहा वर्षं हे चाललं. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन बाया उभ्या राहून बोलल्या. त्या काय बोलल्या असतील याचा मी कधीकधी भांडी घासताना विचार करते. घरी ठेवून आलेल्या पोरांबद्दल बोलल्या असतील असं मला उगाच वाटतं. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आता जे लिहिते ते वाचून तुम्हाला राग येईल. त्याआधी, 1881 मध्ये, इंग्रज सरकारने पहिला कारखाना कायदा केला होता. मोठ्या माणसांना त्याने ना सुट्टी दिली, ना तासांची मर्यादा. पण सात ते बारा वर्षांच्या पोरांना, म्हणजे आमच्या या दोघांच्या वयाच्या पोरांना, दिवसाला नऊ तासांच्या वर राबवायचं नाही आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयापाशी गेले आणि बोट ठेवून मोजलं. गेल्या महिन्यात मोठीला सबंध रविवार किती मिळाले? दोन. आणि दिवसाचे तास? शाळा साडेसहा तास, जाणंयेणं एक, क्लास दोन, गृहपाठ दीड. बेरीज तुम्ही करा, गणित तुमचा विषय आहे.

तुलना बरोबर नाही हे मला कळतं. सुताच्या धुळीत उभं राहणारी पोरं आणि ट्यूबलाइटखाली बसून पर्याय निवडणारी माझी लेक, यांचं दुःख एका तराजूत मी घालणार नाही. माझी लेक शिकते आहे, पोटभर जेवते आहे. मी फक्त सुट्ट्यांचा आकडा मोजला, आणि तो मोजून झाल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही.

तुमची बाजूही मला ऐकू येते. मागे क्लास चालवणाऱ्या एका बाईंशी जिन्यात बोलणं झालं. मी कुरकुरले तशा त्या म्हणाल्या, "ताई, मला तरी कुठे रविवार आहे? पालकच विचारतात, समोरच्यांकडे दर रविवारी टेस्ट असते, तुमच्याकडे का नाही?" त्यांचा मुलगा तेव्हा पायरीवर बसून एकटाच फोनवर खेळत होता. त्या खोटं बोलत नव्हत्या. अठरा अंगठे आमचेच आहेत. आपली पोर मागे पडेल या भीतीने आम्ही तुम्हाला रविवार देतो, समोरचा क्लास घेतो म्हणून तुम्ही तो घेता, आणि सुरुवात कुणी केली ते आता कुणालाच आठवत नाही.

माझेही हात स्वच्छ नाहीत. मार्चअखेरीला एका रविवारी मी आमच्या विभागातल्या एका मुलीला फोन केला होता, एक ताळेबंद जुळत नव्हता म्हणून. "पंधराच मिनिटं गं." मागे तिचं बाळ रडत होतं, कुकरची शिट्टी होत होती. तिने लॅपटॉप उघडला. पंधरा मिनिटांचा दीड तास झाला. फरक सतरा रुपयांचा निघाला. सोमवारी निघाला असता तरी सतराचाच निघाला असता. म्हणून साहेबलोकांना वेगळं काही लिहीत नाही. मी त्यांच्यातलीच आहे, एवढं त्यांनी समजून घ्यावं.

आणि हो, आमच्या रविवारी दुसऱ्या कुणाला राबावं लागतं हेही दिसतं मला. पण त्यांनी आपापला वार राखून ठेवलाय. कोळणीला विचारलं होतं एकदा. म्हणाली, "सोमवारी कोण खातंय? सोमवार माझा." सलूनवाले काका सोमवारी बंद असतात. राणीबाग बुधवारी बंद असते, आणि बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. पेंग्विनांचाही एक वार ठरलेला आहे, आणि तो बुडला तर त्यांना भरून मिळतो. मोठीचे बुडलेले रविवार भरून द्यायची पद्धत तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.

मागणं फार नाही. शिष्यवृत्तीसारखी मोठी परीक्षा वर्षातून एखाद्या रविवारी असते, त्याला माझी हरकत नाही. त्या दिवशी मीच तिला दही-साखर देऊन पाठवीन. पण दर पंधरा दिवसांच्या सरावाला शनिवारची संध्याकाळ चालेल. अर्धीच प्रश्नपत्रिका काढा, पोरांना तेवढंच येतं आणि तेवढंच येत नाही, ते अर्ध्यातही कळतं. ठेवायचीच असेल रविवारी तर महिन्याच्या सुरुवातीला सांगा, गुरुवारी रात्री साडेदहाला नको. 'अनिवार्य' हा शब्द काढा. आणि न आलेल्या मुलांच्या नावांची यादी ग्रुपवर लाल अक्षरात टाकू नका. ती यादी पोरं वाचतात, आयांच्या फोनमध्ये डोकावून. महिन्याला चार, एवढंच मागते आहे. भाव 1881 चाच लावलाय, महागाई धरलेली नाही.

येत्या रविवारी मोठी सराव परीक्षेला येणार नाही. गैरहजेरीचा अर्ज भरून पाठवायचा असतो असं तुमच्या नियमावलीत आहे, म्हणून काल रात्री तो भरायला बसले. नाव, इयत्ता, तुकडी, दिनांक, सगळं लिहून झालं आणि कारणाच्या रकान्यापाशी अडले. ताप लिहिणार होते, मागच्या वेळी आत्याचं लग्न लिहिलं होतं. मोठी शेजारी होती. तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'रविवार आहे.' मी खाली सही केली आहे. अर्ज सोबत जोडला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सहावीतल्या एका मुलीची आणि दुसरीतल्या एका मुलाची आई,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. ग्रुपवरचा माझा अंगठा मी काढून घेतला आहे. तो काढताना बघितलं तर अठराचे पंधरा झालेले होते. बाकीचे दोघे कोण ते कळत नाही, पण त्यांना भायखळ्याला भेटायचं असेल तर आम्ही सकाळी साडेआठच्या गाडीने निघतो आहोत. पुऱ्या जास्त घेतल्या आहेत, कावळ्याची धरून.